तळ्यात हात घालायच्या आधी हात धुणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार. त्या दिवशी आमच्या तळ्यातल्या डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त करून झाल्यावर मी नीट आभार मानायला गेले तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून गाडीला किक मारून निघूनही गेलात, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

आमच्या परसातल्या तळ्यात डासांच्या अळ्या झाल्यात हे कळल्यापासून घरात जे काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही. प्रत्येकाकडे उपाय तयार! कोणी म्हणे रॉकेल ओता, कोणी म्हणे तळं बुजवून टाका आणि वर फरशी घाला, कटकट मिटेल. रॉकेलचा तवंग आला की अळ्यांचा श्वास कोंडतो हे खरं, पण खाली मासे आहेत ना, त्यांचं काय? हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस असा बघायचा की जणू मीच काहीतरी विचित्र बोलले. आणि तुमच्या आधी जे फवारणीवाले साहेब आले होते त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतेच. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आल्या आल्या "बाजूला व्हा मॅडम", आणि कुंपणापासून तळ्याच्या कठड्यापर्यंत सगळं धुवून काढलं. मी मासे आहेत मासे आहेत म्हणत मागे फिरतेय तर म्हणाले, माश्यांना काय होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते आणि त्यातले काही दुपारपर्यंत आडवे झाले. फोन केला तर "पाणी खराब असेल तुमचं". फवारणीतली ती औषधं माणसाला फारशी बाधत नसली तरी माश्यांना भयंकर विषारी असतात हे मला नंतर कळलं, त्यांना मात्र आधीच कळायला हवं होतं, धंदाच तो आहे त्यांचा. आणि गंमत म्हणजे अळ्या तश्शाच! उडणारे डास मारायचा फवारा तो, अळ्यांसाठीचा नव्हेच.

त्यामुळे तुम्ही आलात तेव्हा मी दारातच कमरेवर हात ठेवून उभी होते, आठवत असेल. मनात म्हणलं आता हाही पंप काढणार.

तुम्ही पंप गाडीवरून उतरवलाच नाहीत. तळ्याशी वाकलात, मग मध्येच थांबलात आणि म्हणालात, "ताई, आधी जरा साधं पाणी द्या हातावर, सकाळी दुसरीकडे फवारणी करून आलोय, हा हात तुमच्या तळ्यात नको." आणि मग तळ्यापासून लांब जाऊन, ते पाणी तळ्याकडे वाहत येणार नाही असं बघून, कोपरापर्यंत चोळून चोळून हात धुतलेत. साबण दिला तर नको म्हणालात, साबणही माश्यांना वाईट. मग शर्टाच्या कडेला न पुसता तसेच ओले हात हवेत धरून उभे राहिलात, कारण शर्टावरही फवारा उडालेला.

एवढंच. मला तर तिथेच रडू फुटायचं बाकी होतं. जे मासे तुमचे नाहीत, ज्यांच्यामुळे तुम्हाला एक पैसा जास्त मिळणार नव्हता, त्यांच्यासाठी कोणी एवढं करतं का हो? तेही कोणी बघत नसताना केलं असतंत असंच, याची मला खात्री आहे. माणूस चांगला आहे का हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, ज्याचं त्याला काही घेणंदेणं नाही त्याच्याशी तो कसा वागतो त्यावरून कळतं. असे लोक असतात बरं का, दिसत नाहीत कारण ते गाजावाजा करत नाहीत, आणि बाकीचे एवढा करतात.

बाकी तुम्ही जे दाखवलंत तेही विसरणार नाही. पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन म्हणालात "हलू नका, थांबा", आणि खरंच थोड्या वेळाने त्या अळ्या एकेक करून वर आल्या आणि डोकं खाली, शेपटीकडची नळी वर अशा लटकून राहिल्या. वाडग्यावर तुमच्या हाताची सावली पडली तशा सगळ्या वळवळत तळाला! ते स्वल्पविरामासारखे वाकडे होते ते कोष, ते काही खात नाहीत म्हणून खायचं औषध त्यांना लागू पडत नाही, ते जाळीनेच काढायचे, हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. आणि आधीच्या साहेबांनी ज्या तळाच्या गाळातल्या लाल अळ्या दाखवून मला घाबरवलं होतं त्या डासांच्या नव्हेतच म्हणे! ती न चावणाऱ्या माशीची पिल्लं, मासे आवडीने खातात. हसू का रडू कळेना.

मासे असूनही अळ्या का, तर कडेच्या दाट झाडोऱ्यात मासे शिरूच शकत नव्हते आणि मोठ्या माश्यांना एवढ्याशा अळीच्या मागे लागायचा कंटाळा. झाडोरा विरळ केला, कारंज्याचा पंप चालू ठेवला, पाणी हलतं राहिलं की मादी अंडी घालायला कचरते, बास. दाणेदार बीटीआय, म्हणजे ते अळ्यांनी खायचं औषध, टाकलंत त्याचं मी नंतर वाचलं, इस्रायलच्या वाळवंटातल्या एका डबक्यात १९७६ साली सापडलेला जीवाणू तो, अळीने खाल्ला की तिचं आतडं फाटतं आणि माश्यांना काही होत नाही. पण मुख्य अड्डा तळं नव्हताच, तो होता मागच्या भिंतीशी पडलेला जुना टब! तळ्याचं काम उरकल्यावर तुम्ही न सांगता मागे फेरी मारलीत आणि तो उपडा केलात, वाडगाभर पाण्यात तळ्यातल्यापेक्षा जास्त वळवळ होती. उन्हाळ्यात आठदहा दिवसांत अंड्याचा डास होतो, तेव्हा आठवड्यातून एकदा असली भांडी पालथी घालायची, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

तुमची ती बारीक जाळी इथेच राहिलीये, कठड्याला टेकवून ठेवलीये, कधीही येऊन घेऊन जा. आणि हो, चारपाच जण तुमचा नंबर मागतायत, त्यात एक तर आधीच्या साहेबांकडून फवारून घेतलेले आहेत आणि आता नवीन मासे आणायच्या विचारात आहेत. द्यायचा का नाही तेवढं सांगा, तुम्हाला विचारल्याशिवाय मी दिला नाहीये.