सुध्या, मोजणी झाली

प्रिय सुध्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून ज्या शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि पुढं वाच. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच. आईला विसर पडतो, पण तुझं नाव बरोबर घेते.

तात्यांनी मोजणी आणली. म्हणजे तात्यांनी नव्हे, त्यांच्या थोरल्या पोरानं. अर्जावर सही तात्यांची. लगतचा कब्जेदार म्हणून मला नोटीस. भूकरमापक रोव्हर घेऊन आला, उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र. तुझी ती मोजणीची ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ भाग, म्हणजे आणे, आता दाखवायला ठेव. दुपारच्या आत खुणा झाल्या, आणि निघालं काय, तर आपलं तारेचं कंपाउंड रेकॉर्डच्या रेषेला मधोमध छेदून गेलंय. वरच्या अंगाला तात्या आमच्यात दीड गुंठा, खाली विहिरीपाशी आम्ही त्यांच्यात पाऊण. चुन्याची रेघ विहीर आणि मोटारीची खोली यांच्या मधून गेलीय. विहीर आमची, मोटार त्यांच्या रानात!

खांब रोवताना तू ओरडत होतास की दोरी चिंचेकडे ओढली जातेय. अण्णांनी 'इंजिनियरसाहेब' म्हणून तुला गप्प केलं आणि तू फुगून जेवायला आला नाहीस. घे, जिंकलास. पण कोपऱ्यातला हद्दीचा दगड नांगराला आडवा येतो म्हणून उपटला, तो तूच. कपडे धुवायला वापरतात तो. परवा उलटा करून पाहिला. शेवाळ खरवडलं तर छिन्नीची फुली अजून बोटाला लागते.

थोरला म्हणतो, बारा वर्षं कधीच उलटली, वरचं आता आमचंच. म्हटलं, मग खालचं त्याच हिशेबानं आमचं. गप्प बसला. वकील म्हणाले, १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षं आहेत खरी, पण दोन्ही घरांनी राजीखुशीनं तार ओढली असेल तर नुसती वर्षं मोजून कुणाचंच भागत नाही. मोजणीवाला हद्द दाखवतो, कब्जा काढून देत नाही. मोजणीच्या नकाशाच्या 'क' प्रतीत वहिवाट वेगळी, हद्द वेगळी. थोरल्याला तीही पटत नाही, निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागणार म्हणे. मागू दे. दगडाची जागा काही हलायची नाही.

मला वाटतं तार आहे तिथंच ठेवावी, पण अदलाबदलीचा दस्त करून, रीतसर नोंदवून. तात्या म्हणतात, कागद कशाला, शब्द आहे ना. त्यांचा शब्द मला चालतो रे. थोरल्याला तो उद्या चालेल का? आणि माझी पोरं तरी कुठं गुणी आहेत! तसं बोलून दाखवलं तेच लागलं त्यांना. रोज तारेवरून हात घालून पेपर मागणारा माणूस आता ओढ्याकडून वळसा घालून जातो. मला कोर्टापेक्षा त्याचीच धास्ती आहे.

तर तू ये. अण्णा गेले, दोरी धरणाऱ्यांत तात्या आणि तूच उरलात. तुझ्यासमोर ते उलटं बोलणार नाहीत, आणि थोरल्याला लहानपणी तू बदडलेलं आहेस, त्याचाही उपयोग होईल.

तुझ्या बदलीचं काय झालं? मुलीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार. येताना जुना फोटो शोधून आण, खांबांपाशी सगळे उभे आहोत तो; त्यात मागं दगड दिसतो असं मला पक्कं वाटतंय.

तुझा,
विन्या