‘सी.के.ची बंदूक’ तपासून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणता. म्हणून हे पत्र उघडच लिहितोय. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं तर तुम्ही रागवाल, आणि उद्यापासून इंदूरच्या रामबागेतल्या प्रत्येक माळ्यावरची गंजकी तलवार तुमच्या दारात येऊन पडेल.

आमच्या घरची गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी डोळे मिटून ऐकलीत. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सी. के. नायडू 1932 साली भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले, तिथून बारा बोअरची दुनळी बंदूक घेऊन आले, आणि पुढे आजोबांच्या कामावर खूश होऊन ती त्यांना देऊन टाकली. आजोबा होळकर संस्थानच्या नोकरीत. नायडूंना तुकोजीराव होळकरांनी 1923 साली इंदूरला आणलं, सैन्यात हुद्दा दिला. कर्नल माणूस, म्हणजे बंदूक असणारच, हा आमचा तर्क. आणि पुरावा म्हणाल तर कुंद्याच्या खालच्या बाजूला चांदीची लंबगोल चकती, तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं ‘सी.के.’ झालं! एवढ्यावर तीन पिढ्यांच्या मुंजी आणि लग्नं आम्ही गाजवली.

बाबा गेल्यावर लायसन्स कुणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून बंदूक रीतसर दुकानात जमा केली. तेव्हाच पुण्याच्या चुलतभावानं एक बातमी पाठवली. बिली द किड या अमेरिकन दरोडेखोराला ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरनं मारलं, ते शेरीफ पॅट गॅरेटचं रिव्हॉल्व्हर 2021 साली लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं. खाली भावाचं वाक्य: ‘आपल्या सी.के.चं बघ काही.’ मग एक मध्यस्थ उगवला. तो म्हणाला, स्टँपपेपरवर शपथपत्र करून द्या की ही नायडूंची, पुढची किंमत माझ्यावर सोडा. खरं सांगतो काका, मसुदा टाइप झाला होता. सही तेवढी बाकी होती.

तो कागद तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, “यानं एवढंच सिद्ध होतं की तू शपथ घेतलीस.”

दुकानात तुम्ही आलात ते खिशात भिंग, एक जुना टूथब्रश आणि मऊ फडकं घेऊन. आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते पाहिलंत, मग परत पाहिलंत. बंदूक मोडणं म्हणजे बिजागरीवर उघडणं, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत माझ्या पोटात गोळा! नळ्या सुट्या करून पालथ्या केल्यात, मुळाशी जी सपाट जागा असते तिथलं काळं वंगण ब्रशनं काढलंत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. “वाच.” बारीक शिक्के होते. एकात ‘थ्री टन्स’ असं काहीतरी.

नळी आधी जादा दारूचं काडतूस भरून उडवून बघतात, टिकली तरच शिक्का, आणि हे काम बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 पासून करतंय, हे तुम्ही सांगितलंत. पण माझ्या डोक्यात बसलं ते पुढचं. पूर्वी शिक्क्यात छऱ्यांचं वजन औंसात असायचं. त्याऐवजी नळीतला दाब टनात लिहायला लागले ते 1954 च्या नियमांपासून. म्हणजे 1932 साली नायडूंनी बोटीवरून आणलेल्या बंदुकीवर 1954 नंतरचा शिक्का. आमची गोष्ट तिथंच आडवी झाली.

तरी तुम्ही ‘खोटी आहे’ म्हणाला नाहीत. माझं तोंड पडलेलं बघून नव्हे, तुमचा हिशेबच तसा. “सी.के. 1967 पर्यंत इंदुरातच होते. बंदुकीचं वय वेगळं, मालकी वेगळी. वयाचं उत्तर मिळालं, मालकीचा कागद शोध.” मग चकतीकडे वळलात. चकतीवर एक लांब जुना ओरखडा होता, ‘सी’च्या पोटातून जाणारा. भिंगातून तुम्ही दाखवलंत की ओरखडा अक्षराच्या कडेला थांबतो, खाचेत उतरत नाही, आणि पलीकडून पुन्हा सुरू होतो. अक्षर नंतरचं. आधी बंदूक वापरून चकती घासली गेली, मग कुणीतरी कोरलं. चाळीस वर्षं ती चकती मी बघतोय, दसऱ्याला तिला हळदकुंकू लावलंय, आणि हे मला दिसलं नव्हतं.

भाऊ फोनवर वाद घालायला लागला तेव्हा तुम्ही त्याला भगतसिंगांच्या पिस्तुलाची हकिगत ऐकवलीत. सॉन्डर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर 17 डिसेंबर 1928 ला लाहोरात जे .32 बोअरचं कोल्ट चाललं, ते इथं आपल्या इंदुरात, बीएसएफच्या शस्त्रांच्या शाळेच्या संग्रहालयात पडून होतं. 1969 साली पंजाबातल्या फिल्लौरहून इतर शस्त्रांबरोबर आलेलं, वर काळा रंग चढवलेला. रंग खरवडला तेव्हा 168896 हा नंबर निघाला, तो खटल्याच्या कागदांतल्या नंबरशी जुळला, आणि 2017 साली ते पंजाबात हुसैनीवाल्याला, भगतसिंगांचं स्मारक आहे तिथं, गेलं. “त्याच्यावर कुणाचं नाव कोरलेलं नव्हतं रे भिया,” तुम्ही म्हणालात, “नंबर होता.” भाऊ गप्प झाला. आमच्या घरात ही दुर्मीळ घटना आहे.

मग आईच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीखाली, आजोबांचं लायसन्सचं पुस्तक सापडलं. पहिली नोंद 1963 ची, दुकानाचा शिक्का, आणि नंबर. नळीवरचा, बंदुकीच्या मधल्या लोखंडी भागावरचा आणि पुढच्या लाकडाखालच्या पट्टीवरचा असे तिन्ही नंबर तुम्ही त्याच्याशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिलेत. विकत घेतलेली बंदूक. रोख पैसे देऊन.

राहता राहिलं ते अक्षर. त्याचं उत्तर आत्यानं दिलं, तेही पोहे परतता परतता. आजोबांना ती नाना म्हणते. “अगं बाई, ती कोरली नानांनीच, सराफ्यात नेऊन. बार काढला की म्हणायचे, सी.के.चा सिक्सर! बंदुकीचं नावच सी.के. ‘सी.के. काढ रे’ असं ओरडायचे.” म्हणजे ‘सी.के. बंदूक’ होती. आम्ही नातवंडांनी तिला षष्ठी लावून टाकली.

शपथपत्राचा मसुदा फाडला. मध्यस्थाला कळवलं, त्यानं उलट उत्तर दिलं नाही. बंदूक दुकानात जमाच आहे. लायसन्ससाठी अर्ज करायचा की ती देऊन टाकायची, ते दिवाळीला सगळे जमल्यावर ठरेल. तुम्ही तीन दिवस घातलेत आणि पैशाचं नाव काढलं की उठून चालायला लागलात, ते मात्र मला अजून पटलेलं नाही.

आणखी एक. तुमचं भिंग आमच्याकडे राहिलंय. आत्या त्यानं रोज पेपर वाचते आणि आता परत द्यायचं नाव काढत नाही. रविवारी जेवायला या आणि घेऊन जा, तिनं श्रीखंडाचा चक्का टांगायचं ठरवलंय.

आपला,
सी.के.च्या नसलेल्या बंदुकीचा वारस
इंदूर