शेत राहू दे, पिरनवाडीचं घर आपल्याला पेलतंय

अनगोळ, बेळगाव
सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर ओढ्याकडच्या शेताचा विषय काढला. गिऱ्हाईक आलंय, रोख द्यायला तयार आहे म्हणाले. मी तेव्हा कंपनीच्या गेटवर होतो, मागं शिफ्ट सुटत होती, धड बोलणं झालं नाही. असलं बोलणं फोनवर अर्धवट राहू नये म्हणून हे पत्र लिहितोय.

बाबा, माझ्या घरासाठी शेत विकू नका. इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर परत करा, त्यात काही कमी पडलं तर मी भरतो. घर बघून झालंय. पिरनवाडीत आहे आणि आम्हा दोघांच्या पगारात बसतंय.

पिरनवाडी म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. बेळगावात घर घ्यायचं तर टिळकवाडीत, फार तर हिंदवाडीत, हे तुम्ही मला शाळेत असल्यापासून सांगत आलात. तुमचा मान कमी व्हावा असं मला कधीच वाटणार नाही. पण तुम्ही म्हणता तो उद्यमबागेच्या पुढचा मोकळा माळ आता राहिलेला नाही. उद्यमबाग, मजगाव, पिरनवाडी, मच्छे अशी सलग वस्ती झाली आहे. मच्छेजवळ विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. पिरनवाडीला नगरपंचायत आहे. आणि मुख्य म्हणजे आपल्या गावाकडचा, जांबोटी-कणकुंबीचा रस्ता इथूनच फुटतो. आपल्या गाडीतून फाट्यावर उतरलात की चालत घरी. बेळगावच्या स्टँडपर्यंत जायचं, तिथून सिटी बस शोधायची, हा आईच्या गुडघ्यांचा वनवास संपेल.

टिळकवाडीत आम्ही फ्लॅट बघितले. साठ-पासष्ट लाखांच्या खाली मनासारखं काही नव्हतं. ८० टक्के कर्ज काढलं तरी वीस वर्षं महिन्याला चाळीस हजारांचा हप्ता, आणि आमच्या दोघांचे पगार मिळून ६२ हजार. लिफ्टचा, वॉचमनचा मेंटेनन्स वेगळा. म्हणून तुमच्या मनात शेताचा विचार आला, हे मला कळतंय. मला हप्ता जड होऊ नये म्हणून तुम्ही तुमच्या पायाखालची जमीन काढून द्यायला निघालात. बाबा, ते मी घेणार नाही.

हे घर बत्तीस लाखांत ठरतंय. बावीस लाख कर्ज, हप्ता अठरा-एकोणीस हजारांच्या आत. उरलेले दहा लाख आणि वरचा खर्च साठवणीतून, माझ्या पीएफमधून आणि तुमच्या सुनेच्या भिशीतून जमतोय. जुन्या घराला मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज. नोंदणी फी याच ३१ ऑगस्टपासून १ टक्क्याची २ टक्के झाली. सगळं मिळून साडेसात टक्क्यांच्या थोडं वर जातं, म्हणजे जवळजवळ अडीच लाख. तेही धरून हिशेब केलाय.

आता घराबद्दल. तीस बाय साठची जागा, म्हणजे दीड गुंठ्यापेक्षा थोडी जास्त. खाली तीन खोल्या, वर एक, पुढं कट्टा, मागं परडं. परड्यात आड आहे. मी मे महिन्यात मुद्दाम भर दुपारी गेलो आणि पोहरा स्वतः सोडला. पाणी खोल होतं, दोर बराच गेला, पण पोहरा बुडून भरून वर आला आणि पाणी नितळ होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्या आडाला एप्रिलात गाळ लागतो तेव्हा आम्ही इथनंच भरतो. घरमालकानं सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा मला ते एक वाक्य जास्त कामाचं वाटलं. नळ आहेच, पण नळावर सगळा भरवसा ठेवून मी घर घेणार नव्हतो. आडाच्या बाबतीत मी तुमचाच मुलगा आहे.

दुसऱ्यांदा जुलैत गेलो, झड लागली होती तेव्हा. घर पावसातच बघावं, उन्हाळ्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात. मागच्या खोलीत स्लॅबच्या कोपऱ्याला ओल होती, रंग फुगून पापुद्रे सुटले होते. बोटानं दाबलं तर गिलावा भुसभुशीत लागला. तिथं उभं राहूनच भाव कमी करायला सांगितलं आणि त्यांनीही ते नाकारलं नाही. बाकीच्या खोल्या सुक्या आहेत. गल्लीत चार घरी विचारलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं? तो महापूर इथं कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे लोक हात करून दाखवतात. आपल्या घराच्या पायरीला तेव्हा पाणी लागलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, एवढ्या पैशात नवीन लेआऊटमध्ये खुला प्लॉट घेऊन मनासारखं घर का बांधत नाहीस? तेही बघून आलो. शहराभोवतीच्या शिवारात गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट पाडून बॉण्डवर विकतात. दगड रोवलेले, चुन्याच्या रेघा मारलेल्या, रस्ता कागदावर. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झालेली नसते, उताऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं, आणि बॉण्ड म्हणजे नोटरीचा शिक्का मारलेला करार. शंभर रुपये किंवा त्यावरच्या किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्ताशिवाय विकत घेता येत नाही, हा कायदा १८८२ पासून आहे. बँक अशा प्लॉटला कर्ज देत नाही, ते याचमुळं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकानं असा प्लॉट घेतलाय. पैसे सगळे देऊन बसलाय आणि घर बांधायची परवानगी मिळत नाही. त्याच्या घरातली माणसं आता त्या विषयावर बोलतसुद्धा नाहीत. तुमचे कष्टाचे पैसे मी तसे मातीत घालणार नाही.

वसलेल्या गल्लीत घर घेण्याचा फायदा हाच, की कागद जुने आहेत आणि साक्षीला माणसं आहेत. पूर्वी ग्रामपंचायत होती तेव्हाचे नमुना ९ आणि ११ चे उतारे आहेत, आता ई-खाता, म्हणजे मालमत्तेची ऑनलाइन नोंद, झालाय. गेल्या ऑक्टोबरपासून ई-खात्याशिवाय नोंदणीच होत नाही. तीस वर्षांची ईसी, म्हणजे घरावरच्या बोजांचा दाखला, काढली, त्यात मधे एक गहाण होतं, ते फिटल्याची नोंद पुढच्याच पानावर आहे. घरफाळ्याच्या पावत्या सलग आहेत. हलगा-मच्छे बायपासचंही बघितलं. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शेतकऱ्यांनी त्यात जमिनी जाऊ नयेत म्हणून किती वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, हे तुम्ही पेपरात वाचलंय. आपला सर्व्हे नंबर त्या पट्ट्यात येत नाही, वकिलांनी नकाशा लावून दाखवला.

खरेदीपत्र कन्नडमध्ये होणार. मला वाचता येतं, तरी मसुदा आला की ओळ न ओळ मराठीत लिहून तुम्हाला पाठवतो. चतुःसीमा तुम्ही स्वतः वाचल्याशिवाय मी सही करणार नाही.

कमी आहे तेही सांगतो. गल्लीतलं गटार उघडं आहे. खानापूर रोडला ट्रकची वर्दळ, धूळ असते. केएलई किंवा सिव्हिल हॉस्पिटलला जायचं तर सगळं शहर ओलांडावं लागतं, आणि आईच्या शुगरसाठी ते मला सतावतं. मजगावच्या बाजूला एक चांगले डॉक्टर आहेत, नेहमीची तपासणी तिथं होईल. गणपतीचा, दिवाळीचा बाजार करायला खडेबाजार-गणपत गल्ली गाठावीच लागेल, पण ती तर आताही गाठतोच. कंपनी मात्र सायकलच्या अंतरावर येते. पोरीला मी रात्रीच्या जेवणाला भेटेन, ती झोपल्यावर नाही.

शेताबद्दल आणखी थोडं. २०२० मध्ये कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता यायला लागली. म्हणूनच बाहेरची माणसं जांबोटीकडं गाड्या घेऊन फिरतात आणि एकरी आकडा ऐकून आपल्या माणसांचे डोळे दिपतात. पण एकदा दिली की त्या भावात आपल्याला पुन्हा ओढ्याकाठची जमीन मिळणार आहे का? आजोबांनी खाचरं पाडली, तुम्ही बांध घातले, आईनं किती पावसाळे तिथं इरलं घेऊन रोप लावलं. दोन वर्षांत माझा हप्ता सुरळीत झाला की वरच्या खडकाळ तुकड्यात काजू लावू या. त्याला भातासारखी माणसं लागत नाहीत. खालच्या खाचरात तुम्हाला झेपेल तेवढंच भात करा. झेपेना झालं तर सांगा, रजा टाकून मी येईन. नुसतं पडून राहिलं तरी चालेल, पण आपल्या नावावर राहू दे.

आई, खालची पुढची खोली तुमची. संडास-बाथरूम तिला लागून आहे, पायरी चढायची नाही. गाव सोडून इथंच या असं मी म्हणत नाही. तुला तिथलं सोडवत नाही हे मला दिसतं. पण सुगी आटोपली, भात घरात आलं, की फेब्रुवारी-मार्च तुम्ही इथं राहायचं. पोर तुझी वाट बघते. मागच्या वेळी तू गेल्यावर तिनं तुझी उशी कुणाला घेऊ दिली नव्हती.

बाबा, मला तुमच्याकडून एकच मदत हवी आहे. आपलं घर तुम्ही गवंड्याच्या बरोबरीनं उभं राहून बांधलंय. बयाणा देण्याआधी एकदा या, ती मागची स्लॅब आणि आडाचं बांधकाम बघा. नुसतं वॉटरप्रूफिंग पुरेल की तेवढा तुकडा फोडून नव्यानं घालावा लागेल, यावर माझा इंजिनिअर एक सांगतो, घरमालक दुसरंच सांगतो. मी तुमचं ऐकणार. रविवारी सकाळच्या गाडीनं आलात तर बरं, मी फाट्यावर उभा असतो. येताना शेताचा उतारा आणि त्या गिऱ्हाइकानं काही लिहून दिलं असेल तर तो कागद आणा, वकिलांना दाखवतो.

आईच्या गोळ्या संपत आल्या असतील. चिठ्ठी बाबांबरोबर पाठव, इथून घेऊन देतो.

तुमचा,
मुलगा