औषध मारण्याआधी कीड ओळखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिला पाऊस झाला की दिव्याभोवती पंखांची वाळवी जमते आणि दुसऱ्या दिवसापासून मला फोन सुरू होतात. मी सुतार आहे. सोलापुरात साखर पेठ, बाळी वेस भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांतल्या तुळया आणि चौकटी मी दुरुस्त करत आलो आहे. हल्ली फोन करणारा थेट विचारतो, ‘वाळवी लागलीय, कुणी फवारणीवाला आहे का?’ ती वाळवीच आहे का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

पूर्व भागात एका घरी असंच झालं. खोलीच्या चारही कडांना फरशीत भोकं पाडून औषध भरलं, मोबदलाही भरपूर घेतला. मी पाहिलं तर कपाटाच्या आंब्याच्या पट्ट्यांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं होती, खाली मऊ पूड पडलेली. तो भुंगेरा होता. त्याची अळी लाकडातच वाढते, जमिनीशी तिचा संबंध नाही. जमिनीत ओतलेलं औषध तिला कसं लागणार? अशा ठिकाणी पट्टी फार पोखरली असेल तर बदलावी. बाकीचं पॉलिश खरवडून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण मुरवावं, वाळल्यावर पुन्हा पॉलिश करावं. पॉलिशवरून चोपडलेलं द्रावण आत जात नाही.

लाकडाखाली खसखशीसारखे टणक दाणे पडत असतील आणि माती कुठंच दिसत नसेल, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तीही जमिनीतून येत नाही.

जमिनीतली वाळवी मात्र मातीच्या नळ्या बांधत चढते. वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतलं लाकूड खाते. चौकटीवर पेचकसाच्या मुठीनं ठोकावं, पोकळ वाजलं तर टोचून बघावं. नळ्या दिसल्या की लोक झाडूनं पाडतात आणि रॉकेल ओततात. वारूळ जमिनीत तसंच राहतं आणि वाळवी दुसरीकडून वर येते. त्यापेक्षा नळी एका जागी थोडी मोडून ठेवावी. दोन-चार दिवसांत ती पुन्हा बांधली गेली, तर वाळवी चालू आहे. ‘आमचा साग आहे’ एवढ्यावरही निर्धास्त राहू नये. सागाच्या तपकिरी गाभ्याला वाळवी सहसा धरत नाही, पण कडेचं पांढरट लाकूड खाते, आणि कोवळ्या झाडाच्या सागात तेच जास्त निघतं.

या वाळवीला ओल लागते. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद असतात. हौद झिरपला की कडेची माती भर उन्हाळ्यातही ओली राहते. सोलापूरसारख्या कोरड्या गावात वाळवी आली कुठून, असं विचारणाऱ्याला मी आधी हौदाचं प्लास्टर तपासायला सांगतो.

माझी खरी काळजी याच हौदाची आहे. इमारतींतल्या वाळवीच्या बंदोबस्तासाठीच्या भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात जुन्या घरांसाठीची पद्धत दिली आहे: भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, औषध भरायचं आणि भोकं बुजवायची. त्यासाठी वापरतात ते क्लोरपायरिफॉस विषारी आहे. पिण्याचं पाणी ज्या हौदात साठतं, त्याच्या भिंतीला लागून ते ओतताना मी पाहिलं आहे. पाणी बाहेर झिरपतं त्या तड्यातून औषध आत येऊ शकतं. हौदाजवळ आधी गळती बंद करावी, माती सुकू द्यावी, चौकटीचा खाल्लेला पाय कापून खाली दगड बसवावा. भोकं पाडायची तर हौदापासून लांब.

कीडनियंत्रणाचा व्यवसाय करायला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. तो दाखवा म्हणायला संकोच करू नये. कोणतं औषध, किती टक्क्यांचं, हे बिलावर लिहून घ्यावं. ‘वाळवीचं औषध’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नये.

महापालिकेला एक विनंती आहे. नवीन घराला पाया भरतानाच वाळवीचा बंदोबस्त करता येतो. त्याच मानकाच्या दुसऱ्या भागात तो सांगितला आहे. बांधकाम परवान्यासोबत त्याची आणि हौद कुठं घ्यावा याची माहिती मराठी, कन्नड आणि तेलुगूत छापून द्यावी.

आपला,
एक वाचक (सुतार), साखर पेठ, सोलापूर