आधी काकांच्या लेन्स बघ

सातारा,
२२ जून

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या सतारमेकरांचे फोटो काढायचे तू मनावर घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या बऱ्याच आल्या. पण वाळलेला भोपळा कापण्यापासून तारांखालची घोडी घासून जवारी, म्हणजे तारांची झंकार, काढण्यापर्यंतचं सगळं काम एकाच माणसाने मन लावून टिपलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. तू सांगलीत राहतोस, सतारमेकरांच्या गल्लीतली माणसं तुला ओळखतात, त्यांच्या पायरीवर बसून तू चहा पितोस. हे काम तुझंच आहे.

म्हणून त्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो. दुकानदाराने दाखवलेला दोन लेन्सचा सेट घेऊ नकोस. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि १८-५५ व ७०-३०० एमएमच्या दोन झूम लेन्स (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) असं एकदम मिळतंय म्हटल्यावर स्वस्त वाटतं खरं. पण तू कुठे फोटो काढणार आहेस ते डोळ्यांसमोर आण. पुढे दुकान, मागे कारखाना, उजेड काय तो दारातून येणारा, नाहीतर एखादी ट्यूब. अशा जागी ७०-३०० काढायला मागे सरकायलाही वाव नाही. आणि १८-५५ झूम केली की तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ/१.८ ची लेन्स त्याच जागी जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे १/६० सेकंदात मिळणारा फोटो सेटमधल्या लेन्सने घ्यायचा तर १/६ सेकंद लागणार. तेवढ्यात कारागिराचा हात हलतो, पटाशी हलते, सगळं पुसट होतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवून थोडं भागतं, पण लाकडाचा पोत आणि भोपळ्यावरची नक्षी त्यात मार खाते. फ्लॅश तर नकोच. पॉलिश केलेल्या भोपळ्यावर त्याचा पांढरा डाग पडतो आणि काम करणाऱ्या माणसाची तंद्री मोडते.

आता मुद्द्याचं. बॉडी पाच-सात वर्षांनी बदलते, लेन्स पिढ्यान्‌पिढ्या चालते. म्हणून आधी माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला बसते ती जोडणी, ठरव, मग लेन्स, आणि उरलेल्या पैशात बॉडी. तुझा माउंट तर काकांनीच ठरवून ठेवलाय! त्यांची निकॉनची पेटी अजून तुझ्याकडे आहे ना? २०१९ च्या पुरात माळ्यावर होती म्हणून वाचली, असं तू म्हणाला होतास. त्यात ५० ची एक जुनी, हाताने फोकस करायची लेन्स होती आणि त्यांनी नंतर घेतलेली ८५ एमएम एफ/१.८, बरोबर? निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून तोच आहे. त्यामुळे काकांच्या लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, बसतात. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, आणि दुकानात नेमकं हेच कुणी सांगत नाही.

निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० या मॉडेलच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे जिच्यावर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय, तीच तिथे आपोआप फोकस होते. काकांच्या ८५ वर नुसतं एएफ आणि आकड्यांच्या शेवटी डी असेल. ती या बॉडीवर हाताने फिरवत बसावी लागेल. ५० ची गत त्याहून वाईट, कारण तिथे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटरच चालणार नाही, उजेडाचा अंदाज तुलाच घ्यावा लागेल. म्हणून माझं मत डी ७२०० च्या बाजूने आहे. २०१५ चं मॉडेल, आता जुन्या बाजारातच मिळतं. त्यात मोटर आहे, म्हणून ८५ आपोआप फोकस होईल. मेन्यूत ५० आणि तिचं सर्वांत मोठं ॲपर्चर एकदा भरलं की तिच्यावर मीटरही चालतं. फोकस हाताने करायचा, पण नीट लागला की व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कोपऱ्यात ठिपका स्थिर होतो. दोन दिवसांत हात बसतो. डी ७५०० नंतरची म्हणून कुणी गळ्यात मारेल. मोटर तिच्यातही आहे, पण जुन्या लेन्सचं ॲपर्चर ओळखायची कडी निकॉनने त्यात ठेवली नाही, शिवाय कार्डही एकच बसतं. तुझ्यासाठी ७२०० च बरी.

एक गोष्ट मात्र लेन्स बसवण्याआधी तपास. ५० च्या ॲपर्चरच्या कडीवर आकड्यांची एक ओळ आहे की दोन? मोठ्या आकड्यांच्या मागे, माउंटच्या बाजूला, तेच आकडे बारीक अक्षरात पुन्हा असतील तर ती १९७७ नंतरच्या एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग) पद्धतीची, बिनधास्त बसव. एकच ओळ असेल तर ती जोर लावून बसवू नकोस, ७२०० ची कडी मोडू शकते. मला फोटो पाठव, मी सांगतो.

काकांची पेटी नसती तर मी कॅननही तितक्याच मोकळ्या मनाने सुचवला असता. त्यांच्या ईएफ माउंटला, १९८७ पासून, प्रत्येक ऑटोफोकस लेन्समध्येच मोटर आहे, ही डोकेदुखीच नाही. फक्त ईएफ-एस लेन्स फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर, बसत नाही एवढं लक्षात ठेवायचं. कॅनन की निकॉन यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, तो वेळ फोटो काढण्यात गेलेला बरा.

तुझा भाचा म्हणतो मिररलेसच, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेराच, घे. त्याचं अगदीच चूक नाही. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि नव्या लेन्स आता तिकडेच येतात. मिरजेच्या दर्ग्यातल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ संगीत सभेत तर मिररलेसचा बिनआवाजाचा शटर मला मनापासून हवाहवासा वाटतो. आलापी रंगलेली असताना आरशाची खटखट बरी दिसत नाही. ७२०० मध्ये क्यू नावाचा हळू आवाजाचा मोड आहे, तोच लाव, आणि सम येते तेव्हा दाब. पण निकॉनच्या मिररलेसवर निकॉनचा ॲडॅप्टर, म्हणजे जुन्या माउंटची लेन्स जोडायची कडी, लावूनही काकांची ८५ आपोआप फोकस होत नाही. शिवाय त्या पैशात तुला बॉडी येईल आणि लेन्ससाठी काही उरणार नाही. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या डीएसएलआर आता निम्म्याहून कमी पैशात विकायला निघाल्यात, त्याचा फायदा घे.

नवीन म्हणून एकच लेन्स घे, ३५ एमएम एफ/१.८, डीएक्स (७२०० सारख्या लहान सेन्सरच्या बॉडीसाठीची), एएफ-एस. या बॉडीवर ती साधारण फुल फ्रेमवरच्या ५० सारखं दाखवते, म्हणजे माणूस, त्याचे हात आणि मांडीवरचा तंबोरा असं सगळं छोट्या खोलीत मावतं. सभेत लांबून गायकाचा चेहरा घ्यायला काकांची ८५ आहेच.

आता फंगस, म्हणजे बुरशी. हे नीट वाच. पुरानंतर घरात महिनोन्‌महिने ओल होती आणि पेटी चामड्याच्या कव्हरात, लाकडी कपाटात. बुरशीला याहून चांगलं घर नाही. लेन्सची दोन्ही झाकणं काढ, ॲपर्चर पूर्ण उघड, मागून मोबाइलची टॉर्च तिरकी धर आणि पुढून आत बघ. धुळीचे दोन-चार कण दिसतील, त्याचं काही नाही. पण कडेपासून आत पसरणारे बारीक, फांद्या फुटलेले पांढरट धागे दिसले तर ती बुरशी. कडेलाच असेल तर जाणकाराकडून साफ करून घेता येते. काचेवरचा थर खाल्ला असेल तर डाग कायमचा राहतो. ॲपर्चरची पाती तेलकट चमकतात का तेही बघ. चामड्याचं कव्हर आजच काढून टाक. रबराच्या झाकणाचा हवाबंद डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि त्यांचा रंग बदलला की पुड्या गरम करून वाळव. आमच्याकडे यवतेश्वरच्या घाटात जुलैत ढग अंगावरून जातात, मी माझ्या लेन्स अशाच सांभाळतो.

बॉडी बघायला जाशील तेव्हा शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलाय तो आकडा, विचार. ७२०० चा शटर दीड लाखासाठी तपासलेला आहे, पन्नास हजारांच्या आतली मिळाली तर उत्तम. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघ, सेन्सरवरचे डाग लगेच कळतात. मूळ बिल नसेल तर किंमत किती का कमी असेना, उठून ये.

पण त्याआधी पेटी घेऊन इकडे ये. माझ्याकडे मोटर असलेली बॉडी आहे, दोन्ही लेन्स तिच्यावर लावून बघू, मग पैसे बाहेर काढ. रविवारी सकाळची एसटी पकड, मी स्टँडवर येतो. वहिनींना म्हणावं, कंदी पेढे पाठवतोच. आणि हो, ५० चं मागचं झाकण हरवलं असेल तर तशीच पिशवीत टाकू नकोस, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून आण.

तुझाच,
राजा