कुरेच्या दोर धरणाऱ्यांचे आभार

नायजरमधल्या कुरे भागात १९९६ साली पश्चिम आफ्रिकी जिराफ उरले होते अवघे ४९. पुढे त्यांची संख्या वाढली आणि २०१८ मध्ये ८ जिराफ गाडाबेजी राखीव क्षेत्रात हलवता आले. त्या कामात दोर धरणाऱ्या, नाव कुठेच न छापलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार!

भुलीने जिराफाचा श्वास मंदावतो, म्हणून तो आडवा होताच उतारा टोचतात. मग जागं जनावर माणसांच्याच भरवशावर. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे, आणि मान जमिनीला दाबून धरायची, कारण मान झोकल्याशिवाय त्याला उठता येत नाही. पायांकडे मात्र कुणी फिरकायचं नाही. लाथ बसली की हाड गेलंच.

चवळी आणि आंबे फस्त होऊनही जिराफांना नुसतं हाकलणाऱ्या कुरेच्या शेतकऱ्यांचे तर विशेष आभार.