तळमजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

काल बँकेच्या लिलावात घेतलेल्या घराच्या विक्री प्रमाणपत्राची नोंदणी झाली. बदलापूरचा फ्लॅट आमच्या नावावर आला. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२०२० मध्ये यांची नोकरी गेली आणि क्रेडिट कार्डाचे पैसे थकले. पुढे कमी रकमेत मिटवलं तेव्हा वाटलं, सुटलो. पण सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा बसला आणि स्कोअर ६४१. घरासाठी कर्ज मागायला गेलो तर तीन बँकांनी परत पाठवलं. तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत, तर चौथा अर्ज थांबवलात. लागोपाठच्या अर्जांनी स्कोअर आणखी घसरतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग कार्ड मिटवताना न भरलेले उरलेले ३८ हजार भरायला लावलेत, ‘थकबाकी नाही’चं पत्र आणवलंत आणि नोंद ‘क्लोज्ड’ होईपर्यंत आमचा पिच्छा सोडला नाहीत. दहा महिने गेले त्यात.

लिलावातला पहिला फ्लॅट किती स्वस्त होता! मी अनामत भरायला निघालेच होते. तुम्ही ती जाहिरात पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचलीत आणि ‘सांकेतिक ताबा’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारलीत. म्हणजे घरात अजून माणसं राहतायत, बँकेच्या हातात नुसता कागद. वर म्हणालात, ‘‘कर्ज मंजूर झाल्याशिवाय बोली लावायची नाही. बोली आपल्याला लागली की रकमेचे २५ टक्के त्याच दिवशी, फार तर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी, बाकीचे १५ दिवसांत. मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. नाही भरले तर आधीचेही गेले.’’ त्या रात्री मला तुमचा फार राग आला होता, काका. पण तुम्ही अडवलं नसतं तर कर्जाचं ओझं आणि बंद दार दोन्ही आमच्या गळ्यात पडलं असतं.

या फ्लॅटचा प्रत्यक्ष ताबा बँकेकडे होता. तरी तुम्ही दुखरा गुडघा घेऊन सोसायटीच्या ऑफिसात आलात आणि मेंटेनन्सची थकबाकी सेक्रेटरींकडून लेखी घेतलीत. १ लाख १२ हजार. तो आकडा धरूनच आम्ही बोली ठरवली. कर्ज त्याच बँकेने दिलं, पहिली अर्जदार मी. व्याज जरा चढं आहे, पण हप्ता माझ्या शाळेच्या पगारात बसतो.

रविवारी वास्तुशांत आहे. काकूंना घेऊन नक्की या. लिफ्ट चालू आहे, मी दोनदा जाऊन पाहून आले.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई